पीटरची पिवळी छत्री

'अस्तनी-३' हा हेरपट यायला अकरा दिवस होते आणि फितूर कोण, हे कोल्हापुरात निदान चारशे माणसांना पक्कं ठाऊक होतं. चारशे माणसं मिळून सोळा फितूर. नायक सत्येनची बायको फितूर, त्याचा डॉक्टर फितूर, पहिल्या भागात दरीत पडून मेलेला त्याचा भाऊ मुळात मेलाच नव्हता म्हणून तोही फितूर. रंकाळ्यावर भेळ खाणारा भेळवाल्याच्या कानात नाव सांगायचा आणि भेळवाला कांदा चिरता चिरता मान हलवायचा, "तो नव्हं साहेब. मला आतनं कळलंय."

प्रत्येकाला आतनं कळलं होतं. कुणाचा मेहुणा मुंबईत स्टुडिओच्या कँटीनला होता, कुणाच्या वर्गमित्रानं नायकाच्या घरचा एसी बसवला होता. 'अस्तनी कट्टा' नावाचा एक ग्रुप होता, त्यावर ही सगळी आतली माणसं दिवसभर एकमेकांना खोटं पाडत. खरं आतलं माणूस गावात एकच होतं, ते म्हणजे मी. आणि मला कोणी विचारत नव्हतं.

मी दृश्यवर्णन लिहिते. ज्यांना दिसत नाही ते कानात इअरफोनचं बोंडूक घालून सिनेमाला बसतात, आणि दोन संवादांच्या मधल्या फटीत पडद्यावर काय चाललंय ते त्यांना ऐकू येतं. ती फट चार सेकंदांची असते. तेवढ्यात माणूस, त्याचा चेहरा आणि त्यानं पाठीमागं धरलेला हात, तिन्ही बसवायचं. मराठीत हे काम करणारे आम्ही सहा जण. सिनेमा आमच्याकडं महिनाभर आधी येतो, सोबत बेचाळीस पानांचा करार येतो: दाखवायचं नाही, सांगायचं नाही, झोपेत बरळायचं नाही.

सहाही जण त्यातलं एक कलम मोडतात, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. डोळस माणसाला आपलं वर्णन कळलं का हे कळत नाही, कारण त्यानं चित्र आधीच पाहिलेलं असतं. त्याला न बघणारा एक कान लागतो. माझा कान म्हणजे माझे वडील.

भूपाल चौगुले, निवृत्त वजनमाप निरीक्षक. काचबिंदूनं सात वर्षांपूर्वी त्यांची नजर नेली. तीस वर्षं त्यांनी लक्ष्मीपुरीतल्या एकाही दुकानदाराचा किलो हा किलो मानला नव्हता. स्वतःची वजनं पिशवीतून घेऊन फिरायचे. सख्ख्या भावाच्या दुकानाला त्यांनी सील ठोकलं आहे. असा माणूस नजर गेल्यावर माझ्या शब्दावर रस्ता ओलांडू लागला. मी "चला" म्हटलं की चालायचे. मी "शर्ट पांढरा आहे, डाग नाही" म्हटलं की लग्नाला जायचे. वर्णन करणारा चष्मा मी त्यांना आणून दिला होता, तो त्यांनी चौथ्या दिवशी परत केला. "तो म्हणतोय, समोर व्यक्ती आहे. अरे, कोण व्यक्ती? हसतीय का रडतीय? तू सांग."

माझ्या आयुष्यात दुसऱ्या कोणी माझ्यावर एवढा भरवसा टाकलेला नाही. नवऱ्यानंही नाही, म्हणून तो आता नाशिकला असतो.

सोमवारी मुंबईहून ढवळीकर बाईंचा फोन आला. सिनेमा कंपनीच्या गळती विभागाच्या त्या प्रमुख. विभाग नळाचा वाटतो, पण बाई पोलिसातल्या वाटतात.

"शलाका, कट्ट्यावर 'दीड शहाणा' नावाच्या कुणीतरी काल एक ओळ टाकलीय. वाचते. 'पावसात पीटर उभा. हातात छत्री, मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यासारखी पिवळी.' काही आठवतंय?"

पीटर म्हणजे सत्येनचा म्हातारा ड्रायव्हर. आणि लोणचं माझं होतं.

"छत्री सगळ्यांनाच दिसली असेल," मी म्हटलं.

"सगळ्यांना काळी दिसली. पिवळी फक्त तुमच्या प्रतीत आहे."

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी सोपं करून सांगते. सिनेमा आता पूर्वीसारखा एकदाच छापून ठेवलेला नसतो. नटांनी काम केलेलं असतं, पण प्रत्यक्ष चित्र थिएटरातलं यंत्र त्या त्या वेळी रंगवतं. भिंत कोणत्या रंगाची, टेबलावर कप किती, हे सूचना बदलली की बदलतं. ज्यांच्याकडं सिनेमा आधी जातो, त्यांच्या प्रतीत कंपनी अशा साठ जागा निवडते, जिथं बदल केला तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. एकाला काळी छत्री, दुसऱ्याला तीन कप, तिसऱ्याला खिडकीत मांजर. साठ जागा, प्रत्येकीला दोन-तीन पर्याय; गुणाकार केला तर जगातल्या प्रत्येक माणसाला वेगळी प्रत देऊनही प्रती उरतील. कोणी बोललं, की त्याच्या बोलण्यातला एखादा कप किंवा मांजर त्याचं नाव सांगतं.

कथा फोडणारे सहसा सापडत नाहीत, कारण कथा सगळ्यांची एकच असते. सापडतो तो छत्रीचा रंग सांगणारा. आणि छत्रीचा रंग सांगणं हाच तर माझा धंदा.

"गुरुवारपर्यंत नाव द्या," बाई म्हणाल्या. "त्या माणसाला नोटीस जाईल, पाच वर्षं कुठल्याही थिएटरात प्रवेश नाही. तुमचं काम चालू राहील. नाव नाही दिलंत, तर तुमचं काम बंद. आमच्याकडंच नाही, सगळीकडं."

मी फोन ठेवला आणि हिशेब मांडला. लोणचं माझ्या पहिल्या खर्ड्यात होतं. चार सेकंदांत बसेना म्हणून मी ते नंतर काढलं. म्हणजे ज्यानं पहिला खर्डा ऐकला तोच. अशी दोघं. एक आप्पा, म्हणजे माझे वडील. दुसरा मोईन मुजावर, जो माझं वर्णन ध्वनिपट्टीवर चढवतो. त्याला फक्त आवाज मिळतो, चित्र मिळत नाही.

मन लगेच मोईनकडं गेलं. संशयाचं असंच असतं, तो आधी परक्याच्या घरी जातो. मोईननं गेल्याच महिन्यात नवी गाडी घेतली होती, हे मला त्या दिवशी उगाचच आठवलं.

कंपनीचीच युक्ती मी उसनी घेतली. मंगळवारी सकाळी मोईनकडं गेले आणि जाता जाता म्हटलं, "अरे, सतराव्या दृश्यात एक राहिलं. पीटरच्या बोटात चांदीची अंगठी आहे. चहा पिताना दिसते. घालायचं का वर्णनात?"

अंगठी नव्हतीच.

मोईननं हेडफोन काढला. "ताई, परत सांगा. कुठल्या हातात?"

"उजव्या. कप धरलाय त्याच."

त्यानं ते दृश्य लावलं, डोळे मिटून ऐकलं, परत ऐकलं. "अंगठी नाही."

"तुला चित्र दिसत नाही, मोईन."

"ऐकू येतंय की. अंगठी असती तर कपावर टिंग झालं असतं. नुसतं बोट आहे हे." मग माझ्याकडं बघून हसला. "मला तपासताय व्हय? तपासा. पण चहा घेऊन तपासा, आत्ताच टाकलाय."

चहा घेतला. लाज वाटली, पण यादीतून नाव खोडलं नाही. निर्दोष माणसंही हसतात आणि तयारीची माणसंही हसतात.

त्याच दुपारी आप्पा व्हरांड्यात शेंगा फोडत बसले होते. फोडलेले दाणे एका वाटीत, टरफलं दुसरीत. वाट्या कधी चुकत नाहीत.

"आप्पा, त्या पावसातल्या दृश्यात मी एक विसरले बघा. पीटरच्या मनगटावर घड्याळ आहे. उलटं बांधलंय, तबकडी आतल्या बाजूला."

"असं?" त्यांची बोटं थांबली. "आतल्या बाजूला कोण बांधतंय? जो दुसऱ्याला कळू न देता वेळ बघतो तो. चांगलं बघितलंस गं." आणि त्यांनी स्वतःचं मनगट दुसऱ्या हातानं चाचपलं, तबकडी आत असती तर कशी लागली असती ते बघायला.

सात वर्षांत मला न दिसलेलं काही त्यांना सांगण्याची ही पहिली वेळ. सांगायला चार सेकंदही लागले नाहीत.

बुधवारी सकाळी मी कट्टा उघडला. 'दीड शहाणा' बोलला होता: 'छत्रीवाल्याच्या मनगटाकडं बघा. घड्याळ उलटं.'

खाली दोनशे ऐंशी उत्तरं. 'कोडवर्ड कांदाभजी' नावाच्या सद्गृहस्थांनी सिद्ध केलं होतं की उलटं घड्याळ म्हणजे फौजी माणूस, म्हणजे पीटर हा पीटर नाहीच. कोणी पहिल्या दोन भागांतले पीटरचे सगळे हात गोळा करून आणले होते. पिवळी छत्री हा शत्रूच्या पाणबुडीला दिलेला इशारा आहे, असं एका प्राध्यापकांचं मत पडलं. कोल्हापूरपासून समुद्र किती लांब आणि ते दृश्य कुठल्या गावातलं, याची चौकशी कोणी केली नाही. एका यंत्रानं सहज रंगवलेली छत्री आणि मी सहज बोललेलं एक खोटं. एवढ्यावर चारशे माणसांनी म्हाताऱ्याला फासावर चढवलं. गंमत म्हणजे माझ्या प्रतीत फितूर खरोखर पीटरच होता.

मी फोन घेऊन व्हरांड्यात गेले.

"दीड शहाणे कोण, आप्पा?"

ते दचकले नाहीत. "तुझ्या आईनं ठेवलेलं नाव आहे. कट्ट्यावर दुसरं सुचलं नाही." मग जरा खुशीतच म्हणाले, "फोन वाचून दाखवतो, मी बोलून लिहितो. मला लई मानतात तिथं. मला दिसत नाही हे एकालाही माहीत नाही. म्हणतात, तुमच्यासारखी नजर कुणाची नाही."

"करारात लिहिलंय, कुणालाही काही सांगायचं नाही."

"मी काय सांगितलं? तीन आठवडं झालं, पीटर फितूर आहे हे माझ्या पोटात आहे. तो कांदाभजी रोज नवीन नाव घेतोय, मी तोंड उघडलं का? शेवट सांगणं म्हणजे चोरी, ते मला कळतं. छत्रीत काय आहे? घड्याळात काय आहे?"

"घड्याळ नाही."

"काय नाही?"

"पीटरच्या हातात घड्याळ नाही, आप्पा. कोण बोलतंय ते बघायला मी तुम्हाला सांगितलं. मोईनला अंगठी सांगितली, तुम्हाला घड्याळ."

शेंग त्यांच्या बोटांत तशीच राहिली. मला वाटलं ओरडतील. सील ठोकताना सुद्धा त्यांचा आवाज चढत नसे, हे मी विसरले होते.

"विचारायचं होतंस की. मी नाही म्हटलो असतो?"

ते नाही म्हणाले नसते. मला हे माहीत होतं, तरी मी विचारलं नाही.

"बरं," ते म्हणाले, आणि शेंग फोडली.

गुरुवारी मी ढवळीकर बाईंना सांगितलं की 'दीड शहाणा' मीच. त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण रकाना भरला: काम आजपासून बंद, थिएटरबंदी पुढच्या महिन्यापासून. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "एक विचारू? छत्री कळली. घड्याळ कुणाच्याच प्रतीत नाही. ते कुठून आलं?"

"का हो?"

"कारण त्यानंच घोटाळा केला." आणि मग मला दुसऱ्या यंत्राची माहिती मिळाली, जी करारात नव्हती. कंपनी कट्टे नुसती गळतीसाठी ऐकत नाही. लाखो लोकांच्या गप्पांतून कोणत्या शेवटावर किती जणांचा संशय आहे, हे ते यंत्र रोज काढतं. सिनेमाचे शेवट दोन तयार असतात, दोन्ही चित्रित केलेले. जास्त लोकांनी ओळखलेला शेवट मरतो. आमच्या कट्ट्यावरून गावोगाव पसरलेल्या छत्रीनं शंभरातल्या अडतीस जणांना पीटरपर्यंत नेलं होतं, तेवढं चाललं असतं. घड्याळानं एकाहत्तर जणांना नेलं. "आता पुढच्या गुरुवारी संध्याकाळी यंत्र काय ते ठरवेल. आणि शेवट नक्की नाही म्हणून पहिल्या आठवड्यात मराठी वर्णनच नाही. तसंही, लिहिणार कोण?"

हे मी आप्पांना सांगायला हवं होतं. पण घरातली हवा बदलली होती. मी दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचली, की ते "बरं" म्हणत आणि थोड्या वेळानं शेजारच्या आवटी काकूंना हाक मारून तीच पिशवी दाखवत. मी म्हटलं टोमॅटो लाल आहेत, तर दाबून बघत. रस्ता ओलांडताना मी "चला" म्हटलं, की अर्धा क्षण थांबून गाडीचा आवाज स्वतः ऐकत. भांडण नव्हतं. जेवण वेळेवर, बोलणं नीट. फक्त माझ्या प्रत्येक शब्दाला आता दुसरा साक्षीदार लागत होता. अशा माणसाला सांगणार काय, की पडद्यावरचा गुन्हेगार कदाचित बदलेल, कदाचित नाही? मी मनात म्हटलं, यंत्र पीटरलाच ठेवील. आपल्याला सोयीचं ते मनात म्हणायला पैसे पडत नाहीत.

शुक्रवारी बाराच्या खेळाला आम्ही गेलो. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डाग आहे का हे आवटी काकूंना विचारून. आमच्या उजवीकडं जयसिंगपूरचे एक धिप्पाड गृहस्थ बसले होते, दोन माणसांचे पॉपकॉर्न एकट्यानं खात.

मी आप्पांच्या कानाशी लागून कुजबुजत वर्णन करत होते. पाऊस आला. पीटर आला.

"छत्री उघडली," मी म्हटलं. "काळी आहे."

"पिवळी नव्हं?"

"ती फक्त माझ्या प्रतीत होती. खूण म्हणून."

"बरं." आणि ते उजवीकडं वळले. "साहेब, छत्री कसली हो?"

"आं? काळी," गृहस्थ म्हणाले. मग आप्पांच्या काळ्या चष्म्याकडं लक्ष गेलं तसे वरमले. "काळीच आहे, काका. मोठी. दांडा लाकडी."

"मनगटात काय?"

"काही नाही. मोकळं आहे."

त्यानंतर सिनेमा असा चालला: मी सांगायचं, आप्पांनी उजवीकडं मान कलती करायची, गृहस्थांनी "हो" म्हणायचं. गृहस्थ भले होते. उत्साहाच्या भरात ते मधूनमधून स्वतःच सांगू लागले, "पळतोय. आता हा पळतोय. तो पण पळतोय." आप्पा त्यावर समाधानानं मान हलवत होते. बावीस वर्षं मी शब्द निवडते आहे. इतकं वाईट वर्णन इतक्या श्रद्धेनं ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं.

शेवट आला. तो मुका आहे. बंद पडलेल्या साखर कारखान्यात तिघं समोरासमोर: सत्येन, पीटर आणि सत्येनच्या वरिष्ठ कर्णिक बाई. दोन मिनिटं एक शब्द नाही, संगीत नाही. नेमका तेव्हाच गृहस्थांचा फोन थरथरला, आणि ते वाकून, लोकांचे पाय तुडवत बाहेर निघून गेले.

थिएटरनं एकदम श्वास ओढला.

"काढली का?" आप्पांनी विचारलं. "पीटरनं बंदूक काढली?" ते रिकाम्या खुर्चीला विचारत होते. "साहेब? काढली का?"

"ते बाहेर गेलेत, आप्पा," मी म्हटलं.

त्यांनी खुर्चीवर हात फिरवला. पॉपकॉर्नचा डबा लागला.

"पीटरनं नाही काढली," मी म्हटलं. "कर्णिक बाईंनी. पीटर मध्ये आलाय. त्या फितूर आहेत."

त्यांनी पॉपकॉर्नचा डबा खुर्चीवर सरळ केला.

"म्हणजे पीटर पण घड्याळासारखाच."

"नाही, आप्पा. मी तुम्हाला सांगितला तेव्हा पीटरच होता. नंतर बदलला. यंत्रानं बदलला. कट्ट्यावर लोकांनी ओळखला म्हणून."

"यंत्रानं," ते म्हणाले. दोष काट्यावर ढकलायचा हा खुलासा त्यांनी तीस वर्षं प्रत्येक गल्ल्यासमोर ऐकला होता. "मी तीन आठवडं पोटात ठेवलं ते काय होतं मग?"

"खरं होतं."

"आणि हे?"

"हेही खरं आहे."

मागच्या रांगेतून कोणीतरी शुक केलं. आप्पांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "सांग पुढं. काय चाललंय?"

मग मी सांगितलं. त्यांच्या कानाला ओठ लावून, जीव ओतून सांगितलं. कर्णिक बाईंच्या बंदुकीचं टोक स्थिर आहे पण हनुवटी हलते आहे, ते सांगितलं. मळीच्या टाकीवरून उतरलेला उन्हाचा पट्टा पीटरच्या बुटापर्यंत येऊन थांबला, ते सांगितलं. पीटर पडला तेव्हा सत्येननं त्याला झेललं नाही, कारण तोवर त्याचा संशय पीटरवरच होता. आणि मग त्याचे हात रिकामेच पुढं राहिले, ते सांगितलं. एक शब्द जास्त घातला नाही, एक कमी केला नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं खरं वर्णन केलेलं नाही.

दिवे लागले. लोक उठले, "मी म्हटलंच होतं" असं एकमेकांना सांगत बाहेर निघाले. आप्पा बसूनच होते. त्यांचे डोळे भरले होते, म्हणजे चित्र पोचलं होतं.

"फार चांगलं सांगितलंस," ते म्हणाले. काठी शोधली, उठले, खिशातला फोन आहे ना ते चाचपून पाहिलं. "घरी गेल्यावर कट्ट्यावर विचारून बघतो."